मोठ्यानं वाचा

"काका, जे दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. जे कराल ते बोलत बोलत करायचं. मी थांबा म्हणेपर्यंत," सुमंत म्हणाला. "अडलं तरी कोणी सांगणार नाही. आणि मागे पाहायचं नाही. टेस्ट आहे, राग नका मानू."

रुपरावांनी मान डोलावली. ते सकाळच्या एसटीनं सावनेरहून आले होते, लग्नाकार्यातला शर्ट घालून. त्यांच्यासमोर लॅपटॉप होता आणि त्यात जे दिसेल ते भिंतीवरही मोठं दिसत होतं. मागच्या खुर्च्यांवर दहा-बारा पोरंपोरी. त्यांच्यातच त्यांची लेक हिमानी.

ही सगळी मंडळी हौसेनं 'झिरा' नावाचं सॉफ्टवेअर बनवत होती. विहिरीवरचा पंप ठरल्या वेळी चालू-बंद करणारं. फुकट, कोणीही उघडावं, कोणीही सुधारावं असं. ते वापरायचं कसं हे मराठीत सांगणारं पान नव्हतं, ते हिमानीनं लिहिलं. आजवर तिनं दुसऱ्यांच्या पानांतल्या वेलांट्याच नीट केल्या होत्या. स्वतःच्या नावाचं हे पहिलंच. पण गटाचा म्होरक्या सुमंत, त्याचा नियम होता, एका खऱ्या शेतकऱ्याला पान वाचून काम जमलं तरच ते वेबसाइटवर चढणार. नाही जमलं तर पान नव्यानं लिहायला पियुषकडे. आणि पियुष टपलेलाच होता. हिमानी म्हणाली, माझ्या बाबांनाच आणते. घरी त्यांना एका झटक्यात जमलं होतं.

"पायरी पहिली. नाव आणि पासवर्ड टाका." रुपरावांनी पडद्यावरचं पान धडा म्हणावा तसं वाचलं आणि शेजारीच उघडलेल्या 'झिरा'त एका बोटानं टाकलं. "पायरी दुसरी. वेळापत्रक उघडा." उघडलं. "पायरी तिसरी. सुरू होण्याची वेळ लिहा."

त्यांनी आकडा दाबला. काही उमटलं नाही.

हिमानीच्या लगेच लक्षात आलं. वेळापत्रकाआधी पंप निवडावा लागतो. घरी तो तिनंच निवडून ठेवला होता, बाबांना तेवढीच दगदग नको म्हणून. मग पानावर लिहायचं राहून गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं चोरून सुमंतकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहतच नव्हता, तिच्याकडे पाहत होता.

"उमटत नाही," रुपराव म्हणाले. बोलत राहा म्हणून सांगितलं होतं ना. "मी जोरानं दाबून राहिलो, तरी उमटत नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. रुपराव वळले. "हिमे, काहून नाही होत वं?"

"काका, मागे नाही," सुमंत गोड आवाजात म्हणाला.

ते पुन्हा समोर वळले. पहिल्या पायरीपासून सगळं परत वाचलं, अजून मोठ्यानं. आवाज वाढवला की यंत्र ऐकेल असं त्यांना वाटलं असावं. शर्ट पाठीला चिकटला होता. "माझंच कुठं तरी चुकून राहिलं," ते म्हणाले. "पान तं चांगलं लिवलं आहे."

"काका, नारळ फोडा लॅपटॉपले," पियुष म्हणाला आणि हॉल खदखदून हसला. हिमानीही हसली. थोडंसंच, पण हसली. तिला आता बापाच्या त्या एका बोटाची लाज वाटत होती.

"बोल हिमानी," सुमंत म्हणाला. "पान चुकलं, का माणूस? माणूस चुकला असेल, तर पान तुझंच."

'पंप निवडा' एवढे दोनच शब्द राहिले होते. तेवढं कबूल केलं की झालं. पियुषनं आपली खुर्ची पुढे ओढली.

"माणूस," हिमानी म्हणाली. "त्यांना याची सवय नाही. दुसऱ्या कोणालाही जमलं असतं."

"बघ हं. विचार करून सांग."

"माणूसच."

"मग तसं पानावर लिहून दे. वरच. आणि चढवून टाक."

हिमानीनं मांडीवरचा लॅपटॉप उघडला आणि भराभरा टाइप केलं. पान सगळ्यांचं एकच, त्यामुळे ती लिहीत गेली तशी अक्षरं भिंतीवर उमटत गेली आणि रुपरावांच्या समोरही. त्यांना अजून कोणी थांबा म्हटलं नव्हतं. त्यांनी ओळीखाली बोट ठेवलं.

"सूचना," ते मोठ्यानं वाचू लागले. "ज्यांना... समज कमी आहे... त्यांनी एकट्याने हे पान वापरू नये. घरातील... शिकलेल्या माणसाला... सोबत घेऊन बसावे."

आता कोणी हसलं नाही. हिमानीनं बटण दाबलं. पान चढलं.

"हे बरोबर लिवलं," रुपराव म्हणाले.

मग त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढून आपल्याजवळ घेतली, हातानं झटकली, आणि मागे न पाहता वाट पाहत बसले.