जादा तिकिटाचा सिंह

टक्क!

डब्याच्या झाकणाची कडी उघडली आणि जाळीच्या गाडीतली सगळी डोकी एकदम मागे वळली. टिकलीची आई होती तिथे आक्रसली. आवाज होऊ नये म्हणून डबा तिने मुद्दाम रुमालात गुंडाळून उघडला होता. तरी झाकणाने घात केलाच.

"मॅडम, प्लीज," गाइड कुजबुजला. त्याच्या टोपीत कुठल्याशा पक्ष्याचं पीस खोचलेलं होतं. "आपण वनराजाच्या हद्दीत आहोत. इथे हूं की चूं करायचं नाही. बाहेरचा एवढासा आवाज त्याला खपत नाही."

वनराज खंदकापलीकडच्या सिमेंटच्या खडकावर पाठ करून झोपले होते. मागच्या झाडांवरून उंच पाळण्यातल्या माणसांच्या किंकाळ्या येत होत्या. त्या बहुधा खपत असाव्यात.

"थांबली असतीस की पाच मिनिटं," टिकलीचा बाबा दातांआडून म्हणाला.

"सकाळपासून पोटात कण नाहीये पोरीच्या. पाच मिनिटं म्हणे!"

टिकलीने घरातून निघतानाच सांगून टाकलं होतं, आधी सिंह, मग खाणं. वय चार वर्षं, पण शब्दाची पक्की. तिकिटात मिळणाऱ्या साध्या बसमधून सिंहाची नुसती शेपटी दिसली, तेव्हा तिने 'हा नाही' म्हणून ओठ घट्ट मिटून घेतले होते. बिस्कीट नको, दूध नको, काही नको. शेवटी बाबाने जादा पैसे भरून ही गाइडवाली सफर घेतली. पुन्हा रांग, पुन्हा ऊन, पुन्हा 'आई, कडेवर'. आणि एवढं सगळं करून आता काय दिसत होतं, तर शेपटीच्या जोडीला पाठ.

"एवढ्या पैशांत निदान तोंड तरी इकडे करायचं होतं त्याने," आई पुटपुटली. तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. मांडीवरच्या पोरीचे हात गार पडले होते. डोळे पेंगत होते, पण हट्ट टक्क जागा होता. सिंह जाऊ दे खड्ड्यात, असं मनाशी म्हणत तिने सफरचंदाची एक फोड उचलली.

तेवढ्यात सिंह उठला.

नुसता उठला नाही, वळला. खडकावरून उतरून सरळ गाडीच्या रोखाने चालत आला. खंदकाच्या काठाशी येऊन थांबला. आयाळ एका बाजूने विरळ झाली होती. तो कुणाच्या डोळ्यांकडे पाहत नव्हता. आईच्या मांडीकडे, डब्याकडे पाहत होता.

गाडीत एकच गलका झाला. मोबाइल वर झाले.

"नशीब काढलंत!" गाइडही कुजबुजायचं विसरला. "त्याच्या खाण्याच्या पिंपाचं झाकण अगदी असंच वाजतं, मॅडम! संध्याकाळी पिंप उघडलं की हा असाच पुढे येतो. त्याला वाटलं, आज लवकर आलं."

"ताई, अजून एकदा वाजवा हो," पुढच्या बाकावरचे कॅमेरावाले काका वळून म्हणाले. "माझा फोटो हलला."

"अहो, तुम्हीच मघाशी डोळे वटारलेत ना माझ्यावर?"

"मघाशी कुठे माहीत होतं?"

"वाजव गं," बाबा म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच तो हसत होता. "पैसे वसूल!"

आईने गाइडकडे पाहिलं. "वाजवा, वाजवा. काही हरकत नाही," तो म्हणाला.

टक्क.

सिंहाचे कान ताठ झाले.

टक्क.

तो आणखी पुढे आला. पुढचे पंजे काठावर टेकवून त्याने मान लांब केली. जिभेने नाक चाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईला हसावं की डबा कुणाच्या तरी डोक्यात घालावा, हेच कळेना. पण मांडीवरची पोर आता ताठ बसली होती, पेंग कुठल्या कुठे पळाली होती. म्हणून तिने आणखी एकदा वाजवलं. हे शेवटचं मात्र फक्त टिकलीसाठी.

"बघितलास ना सिंह? अगदी तोंडासकट? चल, आता आ कर."

टिकलीने शब्द पाळला. आ केलं. फोड तोंडात गेली, गाल फुगला, दात चालू लागले, आणि आईच्या पाठीतला सकाळपासूनचा ताण एका श्वासात उतरला.

समोर सिंहाची नजर डब्यावरून हलली. आता तो टिकलीच्या चावणाऱ्या तोंडाकडे पाहत होता.

टिकलीचं चावणं थांबलं.

"चला, पुढच्या गाडीची वेळ झाली," गाइडने ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. मग आईकडे झुकून आर्जवाने म्हणाला, "मॅडम, डबा ठेवून जाता का? दुसऱ्या गाडीलाही वाजवून दाखवतो आणि गेटवर आणून देतो."

"मुळीच नाही," आई म्हणाली. तिने झाकण दोन्ही तळव्यांत धरलं आणि जराही न वाजवता, हळूच दाबून बसवलं.

गाडी हलली. लोक काढलेले फोटो एकमेकांना दाखवू लागले. मागच्या जाळीतून सिंह तसाच उभा दिसत होता, मान लांब करून. गाडी वळणाला लागली तरी तो मागे फिरला नव्हता.

टिकली मांडीवर उलटी वळून, आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहत होती. गालातली फोड अजून तशीच होती.

"आई," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "मग आपण त्याला बोलावलं कशाला?"