बीचच्या रानातली वाट

जमिनीच्या नव्या मालकाने चुनखडीच्या टेकडीवरून बीच वृक्षांच्या रानात जाणारी पायवाट तारा ठोकून बंद केली. हेस्टरच्या नवऱ्याची राख त्याच रानात विखुरलेली. कायदा सोपा होता: मालकाच्या परवानगीशिवाय गाव वीस वर्षं त्या वाटेने गेलं असेल, तर वाट गावाची. सुनावणीला गावाने हेस्टरलाच पुढे केलं. वीस वर्षांचा आकडा तिने पाठ केला होता.

"किती वर्षं जाताय, बाई?" अधिकाऱ्याने विचारलं.

"वीस काय, तीस! चिखल असो, बर्फ असो."

"कुणी हटकलं?"

"छे! जुने मालक भले गृहस्थ होते."

"त्यांची परवानगी वगैरे कधी घेतली नाही ना?"

हेस्टर ताठ बसली.



"अहो, आम्ही काय असंस्कृत वाटलो तुम्हाला? दर नाताळात केक घेऊन जायचो विचारायला!"