हिराचा दर्या

"जाळं कापलं," महादू म्हणाला.

"खोटं," हिरा म्हणाली. "आधी ओढून घेतलंस. एक दान गेलं तुजं."

जुन्या शिडाच्या कापडावर मांडलेल्या खेळाभोवती मंडळी बसली होती. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, जे बोलेल ते त्याच्या बोटीनं केलं असं धरायचं, हा खेळातला नियम हिराचाच होता. आता ती स्वतःच तो सगळ्यांदेखत मोडत होती, आणि तिला त्याची जराही लाज नव्हती.

नवापूरच्या होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवल्या होत्या. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. पुरुष जाळी दुरुस्त करत आणि एकमेकांची उणीदुणी काढत बसायचे. चार वर्षांपूर्वी अशाच रिकाम्या दिवसांत हिरानं या शिडावर कोळशानं घरं आखली आणि त्यांत स्वतःचा एक दर्या मांडला. त्यात एक बेट होतं, तिथली माणसं ढग बोंबलांसारखे दोरीवर वाळत घालायची. नवस न फेडणाऱ्यांच्या मिशा खाणारी एक मुशी, म्हणजे शार्क, होती. प्रत्येकानं एक शिंपला घ्यायचा, ती त्याची बोट. हिरा दर्या व्हायची. समोर काय दिसतं ते सांगायची आणि विचारायची, "काय करतोस?" मग सहा कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या, तितकी घरं पुढं. वारा समोरून असला तर निम्मीच. खेळायला चिंचणीहूनसुद्धा लोक चालत यायचे.

पण कापडाच्या एका कोपऱ्यात हिरानं मनानं काहीच रचलेलं नव्हतं. तिथं अणुशक्ती केंद्राची उंच चिमणी होती, खडकांची ओळखीची रांग होती आणि एक बुडती बोट होती. आठ वर्षांपूर्वी, शहात्तर साली, हिराचा नवरा एकनाथ तिथंच गेला होता. आसपास एकच बोट होती, त्याच्या चुलतभावाची, महादूची. महादूनं सांगितलं, मदतीसाठी वल्ह्याला फडकं बांधून उभं केलेलं दिसलं, तसं मी जाळं कापून टाकलं आणि निघालो, पण पोचलो तेव्हा नुसतं वल्हं तरंगत होतं. तो बिनजाळ्याचा परत आलेला गावानं पाहिला होता. गावाचा विश्वास बसला. हिराचा नाही. नवंकोरं जाळं पाण्यात सोडून देणारा कोळी तिनं जन्मात पाहिला नव्हता. आधी मासळी ओढली, मग उशिरानं जाळं कापून सोंग आणलं, असं ती कोणालाही तोंडावर सांगायची. त्या दिवसापासून तिनं त्याला भावजी म्हणणं सोडलं. तांडेल म्हणायची, तेही थुंकल्यासारखं.

महादू तरीही खेळायला यायचा, कारण न येणं म्हणजे कबुली झाली असती. दर वेळी त्याचा शिंपला त्या कोपऱ्यात आला की तो जाळं कापायचा, हिरा खोटं म्हणायची, त्याचं एक दान खायची, आणि बोट बुडायची. लोक चुकचुकायचे. आता तर काही जण महादूकडं तिरकं बघायलाही लागले होते. हिराला तेच हवं होतं.

आज मात्र महादूनं शिंपला उचलला आणि तिच्या पुढ्यात आपटला.

"चार वरसं तुजा जुलूम सोसतोय. आज तू बस माज्या जागी. मी दर्या व्हतो."

"बसते की! तुज्यासारखी भित्री नाय मी."

जागा बदलल्या. म्हातारा जानू तांडेल विडी विझवून पुढं सरकला.

"वारा समोरून हाय," महादू म्हणाला. "जाळं पाण्यात. आठ घरांवर वल्ह्याला फडकं दिसतंय. दोन दानांत बोट जाणार. काय करतेस?"

यातला आकडा न् आकडा हिराचाच होता. त्या दिवशी समुद्रात असलेल्या प्रत्येक तांडेलाला विचारून, चिमणी आणि खडकांवरून अंतर ताडून तिनं तो कोपरा आखला होता. त्यात तिनं लबाडी केली नव्हती. महादूला खऱ्या दर्यात पकडायचं होतं तिला.

"जाळं कापते," ती लगेच म्हणाली.

कवड्या पडल्या. सहाच्या सहा उताण्या! कोणीतरी शीळ घातली.

"समोरचा वारा. तीन घरं," महादू म्हणाला.

शिंपला तीन घरं सरकला. हिरानं कवड्या मुठीत घेतल्या आणि आठ वर्षं ओठांवर न आणलेलं नाव मनात घेऊन पुन्हा टाकल्या. पुन्हा सहा! मंडळी ओरडली. जानूनं मांडीवर थाप मारली. हिरानं एक, दोन, तीन असा शिंपला सरकवला आणि तिचं बोट त्याच्यावरच राहिलं.

पुढं अजून दोन घरं उरली होती. तिनं मोजली. मग बुडत्या बोटीकडून उलटी मोजली. सहा कवड्यांत याहून मोठं दान नव्हतं. आजवर महादूचं एक दान ती खात आली होती, म्हणून हे मोजायची वेळच कधी आली नव्हती.

महादू कापडाकडं बघत होता. आठ वर्षांची चीड काढायला याहून चांगली वेळ त्याला मिळाली नसती. दर्या तो होता. काय दिसतं ते त्यानंच सांगायचं होतं.

"पोचलीस," तो म्हणाला. "एकनाथ वल्हं धरून हाय. घे त्याला वर."

हिरानं मान हलवली.

"नाय, भावजी. दोन घरं कमी पडली."