डाव्या पायाचा बूट

चहाचा ट्रे घेऊन धाकटी बैठकीच्या खोलीत आली तेव्हा थोरली सोफ्याच्या काठावर बसून डावा पाय एका बुटात कोंबत होती, आणि आई फरशीवर गुडघे टेकून तिची टाच आत ढकलत होती. आई थोरलीची सख्खी, धाकटीची सावत्र.

समोरच्या खुर्चीत पाहुणीबाई बसल्या होत्या. गळ्यापर्यंत बटणं लावलेला करडा कोट, मांडीवर रिकामं खोकं. शेजारी त्यांचा मुलगा. त्याच्यासाठी मुलगी बघायला आले होते, पण नाव, शिक्षण असं काहीच त्यांनी विचारलं नव्हतं. आल्या आल्या खोकं उघडलं होतं.

"थोडंच राहिलंय," आई म्हणाली. "नवा बूट आहे, जरा सैल पडला की..."

"नवा नाही तो. आणि जोर लावू नका, त्याला दुखतं."

आई हसली. पाहुणीबाई हसल्या नाहीत. थोरलीनं पाय ओढून काढला. पाहुण्यांचं एवढं मोठं घर, खाली उभी असलेली लांबलचक गाडी, सगळं हातचं गेलं म्हणून एरवी तिनं आदळआपट केली असती. पण ती नुसती तळवा चोळत बुटाकडे बघत राहिली.

"आता हिला घालू द्या." पाहुणीबाईंची नजर धाकटीच्या पायांवर होती.

"हिला? अहो, ही दिवसभर खाली आमच्या लाँड्रीत उभी असते. पाय बघा, नुसती फावडी झालीत."

"घालू द्या."

धाकटीनं ट्रे ठेवला आणि बूट हातात घेतला. मऊ काळं चामडं, आत कुणाच्या तरी पाच बोटांचे खळगे पडलेले. करंगळीचा खळगा आत वळलेला होता. धाकटीची करंगळी जन्मापासून तशीच होती.

पाय न ढकलताच आत सरकला. आत ऊब होती, कुणी आत्ताच पाय काढून घ्यावा तशी. एकेक बोट आपापल्या खळग्यात जाऊन बसलं. मग चामडं हळूच आवळलं. धाकटीनं झटकन पाय मागे घेतला, बूट पायासोबत आला. तिनं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. निघेना.

"सोड," पाहुणीबाई बुटाला म्हणाल्या, आणि चामडं सैल पडून बूट निघाला.

आईनं ते ऐकलंच नाही. "बसला!" तिनं टाळी वाजवली. "पोरीची पाचही बोटं तुपात!"

"आजच नेतो," पाहुणीबाई म्हणाल्या. "गाडी आणलीच आहे."

"आज?" आई गडबडली, पण क्षणभरच. "चालेल की. तुमचीच झाली ती आता."

"दुसरा बूट कुठाय?" धाकटीनं विचारलं.

मुलानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तिच्या पायात. ती काढू देत नाही."

"कुणाच्या?"

"चहा छान झालाय," पाहुणीबाई त्याच्या गुडघ्यावर हात ठेवत म्हणाल्या. कपाला त्यांनी हातही लावला नव्हता.

"जा, आवर लवकर," आई धाकटीवर खेकसली.

धाकटी स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागोमाग थोरली आली आणि तिनं दार लोटून घेतलं. एरवी ती धाकटीशी बोलायची ती इस्त्रीवरून भांडायला.

"ताई, मी नाही जाणार."

"नाही म्हणून बघ. आई तुला उचलून गाडीत बसवेल." थोरलीनं आवाज खाली आणला. "मला तो बूट ढकलत होता गं. आतून. तळव्याला कुणाची तरी बोटं लागत होती."

जिना एकच, आणि त्याची वाट बैठकीच्या खोलीतून. गॅसवर चहाचं आणखी पाणी खळखळत होतं. दोघींची नजर एकदमच तिकडे गेली.

"माझ्याच्यानं नाही होणार," धाकटी म्हणाली.

थोरलीनं स्टूल पुढे ओढलं, धाकटीला बसवलं, तिचा डावा पाय भांड्यांच्या टबावर धरला. सांडशीनं पातेलं उचललं.

"डोळे मीट. आणि चांगली मोठ्यानं ओरड."

ओरडावं लागलंच नाही, ओरडणं आपोआप आलं.

बहिणीच्या खांद्यावर भार टाकून धाकटी बाहेर आली तेव्हा तिचा पाय घोट्यापर्यंत लालबुंद होऊन सुजला होता, बोटं एकमेकांना चिकटली होती.

"हात मोडले होते का तुझे?" आई थोरलीच्या अंगावर धावून गेली. "आजचाच दिवस मिळाला?"

"पातेलं निसटलं."

पाहुणीबाई उठल्या. धाकटीसमोर बसून त्यांनी तिचा पाय तळहातावर घेतला आणि सगळ्या बाजूंनी निरखला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. त्या गारव्यानं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून धाकटीच्या अंगावर काटा आला.

"पहिल्या सुनेनं पायावर इस्त्री ठेवली होती," पाहुणीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "बरा होतो पाय. नवं कातडं मऊ असतं, बूट आणखी छान बसतो. आम्ही थांबतो."

आई दोन पावलं मागे सरकली. थोरलीनं धाकटीच्या कमरेभोवतीचा हात आणखी घट्ट केला.

पाहुणीबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. मुलगा मात्र उठला, दाराशी गेला आणि वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"इथंच काढायचे ना?" त्यानं अदबीनं विचारलं.