सगळ्यात मोठा ग्रह

ऑफिसात चहाच्या सुट्टीत सामान्यज्ञानाचा खेळ साहेबांनीच सुरू केला होता. एकेकाने पाळीपाळीने प्रश्न विचारायचा. अकरा वर्षांत साहेबांचं एकही उत्तर चुकलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना मनातून केवढा अभिमान! आज ते रिटायर होत होते. सकाळीच चार्ज देऊन झाला, खुर्चीत नवे साहेब बसले, पण जाता जाता एक डाव झालाच पाहिजे म्हणून हे हटून बसले.

पाळी हेडक्लार्कची होती. “सूर्यमालेतला सगळ्यात मोठा ग्रह कोणता?”

“शनी!” साहेबांनी डोळे मिटून सांगितलं.

“चूक.”

“अहो, चूक कसं? गेल्याच महिन्यात हाच प्रश्न होता, हेच उत्तर होतं. तुम्हीच तर टाळ्या पिटल्यात!”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती,” चहात बिस्किट बुडवत हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी तोच प्रश्न नव्या साहेबांना टाकला.

नवे साहेब जरा घुटमळले. “पृथ्वीच असणार, नाही का?”

“वा! एकदम बरोबर, साहेब!”

टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि सवयीने जुने साहेबच “थँक्यू, थँक्यू” म्हणून गेले.