पेशंटला घेऊन या

“गुडघे वाकवा. सगळा जोर कमरेवर घेऊ नका,” फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

इस्त्रीवालीने गुडघे वाकवले. सरावासाठी गादीवर अंग सैल सोडून पडलेल्या वर्गातल्या जोडीदारणीच्या पाठीखाली हात घातला आणि तिला एका दमात कुशीवर वळवलं. पहिल्या शनिवारी याच कामात ती घामाघूम झाली होती. आजचा चौथा शनिवार.

पक्षाघात झालेल्यांच्या घरच्या माणसांसाठी हॉस्पिटलात हा वर्ग चाले. कूस कशी बदलायची, ठसका लागू न देता कसं भरवायचं, लुळ्या हातात बाही कशी घालायची, सगळं शिकवत. इस्त्रीवाली मन लावून शिकली.

“आता पुढच्या वेळी पेशंटला घेऊन या,” असं फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर तिने नुसती मान डोलावली.

तिचा नवरा लिफ्ट मेकॅनिक. सात वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला, मागोमाग बीपी. रक्तातली चरबी वाढलेली, पोट तर आधीपासूनच सुटलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की यातलं एकेक सुटं धरू नका. चारही एकत्र आली की धोका हृदयालाही असतो आणि मेंदूलाही. तो तिथे गप्प बसला आणि घरी येऊन म्हणाला, “जाईन तेव्हा एका झटक्यात जाईन. कुणाला त्रास नाही.”

हे वाक्य तिने सात वर्षं ऐकलं आणि त्याच्या गोळ्या पाकिटात तशाच पडून राहिल्या. ती भांडली, रडली, अबोला धरून पाहिला. चालायला जावं म्हणून त्याला बूट आणले, तर ते घालून तो लग्नाला गेला. थोरल्या दिरांना मध्ये घातलं, तर दोघा भावांनी मिळून मिठाईचा पुडा संपवला. भिंतीशी बोलावं तसं झालं होतं. शेवटी तिने तोंड मिटलं. कटकट संपली म्हणून तो खूश होता.

पाचव्या शनिवारी ती त्याला घेऊन आली. कुठे जायचंय ते सांगितलं नव्हतं. तो स्वतःच्या पायांनी चालत आला आणि दाराजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसला. समोर त्याच्याच वयाच्या एका माणसाला त्याची बायको भरवत होती. निम्मा घास ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येई. ती पुसे, पुन्हा भरवी. मेकॅनिकने नजर दुसरीकडे वळवली.

फिजिओथेरपिस्टने पेशंट कुठे आहे म्हणून विचारलं. इस्त्रीवालीने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

“यांना? यांना झटका कधी आला?”

“अजून आलेला नाही,” ती म्हणाली. “सांगून सांगून थकले, म्हणून आधीच शिकून ठेवलं. हे ब्याण्णव किलोचे आहेत. मला एकटीला वळवता येतात का, तेवढंच बघायचंय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता, तर त्याने तो हसण्यावारी नेला असता. भरवणाऱ्या बाईचा हात मध्येच थांबला होता.

दोघं घरी निघाले. रस्ता ओलांडल्यावर, तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, “ती बीपीची गोळी... जेवणाआधी घ्यायची असते की नंतर?”