केतकीच्या मूडचा भाव

केतकी आपल्या कंपनीच्या वतीनं गुंतवणूकदारांशी बोलायची. तिच्या मनगटावरच्या पट्टीतून तिचा मूड थेट बाजाराला कळायचा आणि यंत्रं त्यावर सौदे करायची. आज निनाद तिला बघायला आला होता. तो स्वतःच्या प्रमोशनबद्दल सांगत होता आणि त्याचे शरदमामा फोनवर तिच्या कंपनीच्या शेअरचा भाव बघत होते.

“गप रे! शेअर आपटला. मुलीला तू पसंत नाहीस,” मामा म्हणाले आणि भाव आणखी पडला तरच नफा होईल असा मोठा सौदा त्यांनी तिथंच टाकला.

दचकून निनादनं पोहे स्वतःच्याच मांडीवर सांडले. खाली बघत तो म्हणाला, “आता लिंबू तरी पिळा.”

केतकी खदखदून हसली. शेअर उसळला.

“ऊठ!” मामा किंचाळले. “हे स्थळ आपल्याला परवडणार नाही!”

निनादनं दुसरी बशी मागितली.